मुलाच्या छातीतील कळ : घरची शुश्रूषा आणि हृदयाची राखण

“छातीत दुखते,” असे मुलाने म्हटले, की घरातील वडीलधाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. पोटदुखीला ओवा, खोकल्याला आल्याचा रस असे साधे उपाय प्रत्येक घराला पाठ असतात. छातीच्या दुखण्यापुढे मात्र अनुभवी आजीचाही हात थबकतो. याचे कारण उघड आहे. छाती म्हणजे हृदय, आणि हृदयाचे दुखणे म्हणजे प्राणावर बेतणारा झटका, अशी सांगड मोठ्या माणसांच्या आजारावरून सर्वांच्या मनात पक्की बसलेली असते.

मुलांच्या बाबतीत ही सांगड बहुतांशी चुकीची ठरते. छाती दुखते म्हणून रुग्णालयात आणलेल्या मुलांची पद्धतशीर तपासणी केली असता, ज्यांच्या दुखण्याचे मूळ हृदयात सापडते अशी मुले सामान्यतः शेकडा पाचांच्या आतच भरतात. उरलेल्या मुलांचे दुखणे छातीच्या भिंतीचे, श्वासनलिकांचे, अन्नमार्गाचे किंवा मनावरील ताणाचे असते. परंतु या दिलासा देणाऱ्या सत्याला दुसरी बाजू आहे, आणि ती पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. भारतातील शाळकरी मुलांच्या हृदयावर जे संकट वर्षानुवर्षे येत राहिले आहे, ते पुष्कळदा छातीत दुखून आपली वर्दी देत नाही. ते घशातून येते, सांध्यांतून जाते आणि गाजावाजा न करता हृदयात घर करते. छाती दुखली की घाबरणारे घर घसा दुखला की निश्चिंत असते, ही उलटी रीत बदलणे हाच शुश्रूषेचा पहिला धडा होय.

या दोन्ही बाजूंचा दाखला दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशात एकत्र पाहावयास मिळतो. तेथील हिवाळ्याची हवा मुलांच्या छातीला पीडा देते; आणि मुलांच्या हृदयाला पोखरणाऱ्या आजाराचा महत्त्वाचा अभ्यासही त्याच परिसरात झाला आहे.

छातीची भिंत

बरगड्यांच्या बारा जोड्या पाठीच्या कण्यापासून निघून छातीला वेढा घालतात. त्यांपैकी वरच्या सात जोड्या लवचिक कूर्चेच्या तुकड्यांनी छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. बांबूच्या टोपलीच्या कामट्या जशा एकत्र येऊनही थोड्या हलत राहतात, तशीच ही रचना आहे. दर श्वासाबरोबर हा सांगाडा वर उचलला जातो व खाली येतो. मूल दिवसभरात हजारो वेळा श्वास घेते. त्यात खोकला, जड दप्तर, क्रिकेटची गोलंदाजी किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांची भर पडली, की स्नायू अथवा कूर्चेचे सांधे दुखावतात. मराठीत ज्याला उसण भरणे म्हणतात, तोच हा प्रकार. अशा दुखण्याची खूण सोपी आहे. मुलाला दुखरी जागा एका बोटाने दाखविता येते, आणि तेथे हलके दाबले असता तीच कळ पुन्हा उठते.

याहून चमत्कारिक असा आणखी एक प्रकार आहे. मूल स्वस्थ बसलेले असते, बहुधा पुढे वाकून वाचत असते, आणि एकाएकी छातीच्या डाव्या बाजूस सुई टोचल्यासारखी चमक निघते. श्वास घेतला की ती वाढते, म्हणून मूल श्वास रोखून धरते. अर्ध्या मिनिटात, फार तर काही मिनिटांत, ती आली तशी निघून जाते आणि मागे काहीही उरत नाही. मिलर व टेक्सिडॉर या अमेरिकी लेखकांनी १९५५ साली या चमकेचे व्यवस्थित वर्णन केले. तिचे नेमके कारण अद्यापि निश्चित झालेले नाही. मात्र ती निरुपद्रवी आहे याविषयी दुमत नाही. पाठ ताठ करून बसणे आणि हळूहळू एक खोल श्वास घेणे एवढाच तिच्यावर इलाज.

जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर छातीच्या मध्यभागी जळजळ होत असेल, तर जठरातील आम्लरस अन्ननलिकेत वर येत असल्याचा संशय घ्यावा. मनाचा ताणही छातीवर उतरतो. परीक्षा जवळ आली असता, किंवा घरातील आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला असता, मुलाच्या छातीत दुखू लागते. अशा वेळी ‘हे ढोंग आहे’ असे म्हणून त्यास झिडकारणे अन्यायाचे होय. वेदना खरीच असते, फक्त तिचे मूळ भीतीत असते.

दिल्लीची हवा आणि खोकला

फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. परंतु छातीच्या आतून लागून असलेल्या अस्तराला ती तीव्रतेने कळते. म्हणूनच न्यूमोनियाचा दाह त्या अस्तरापर्यंत पोहोचला की श्वासागणिक कळ येते. दम्यात छाती आवळल्यासारखी वाटते, तर सततच्या खोकल्याने बरगड्यांचे स्नायू ठणकू लागतात.

दिल्लीच्या मुलांना हा अनुभव दर हिवाळ्यात येतो. पावसाळा संपला की वारा मंदावतो. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कारखाने व वीजकेंद्रे यांचे उत्सर्जन आणि शेतातील धानाचे खुंट जाळल्याचा धूर त्यात साठत जातो. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा दंडक भारताने २००९ साली घालून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा १५ सांगितली. दिल्लीत नोव्हेंबर महिन्यात भारतीय मर्यादाही अनेक पटींनी ओलांडली जाते. नोव्हेंबर २०१६ आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तर हवेमुळे तेथील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या शतकाच्या प्रारंभी दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची पाहणी केली. खेड्यांतील मुलांशी तुलना करता दिल्लीच्या मुलांत श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या आणि फुफ्फुसांची कार्यक्षमता उणावलेली मुलेही अधिक निघाली. दिल्लीच्या आईला नोव्हेंबरात मुलाची छाती दुखताना आढळली, तर हृदयाच्या आधी श्वासाचा विचार करावा लागतो, तो यामुळेच.

घरी काय करावे

प्रथम शांतपणे विचारावे. कोठे दुखते? एका बोटाने दाखविता येते का? खेळताना दुखले की बसल्या जागी? श्वास घेताना, गिळताना की हालचाल करताना वाढते? ताप, खोकला किंवा मार लागल्याची आठवण आहे का? ही उत्तरे कागदावर तारीखवेळेसह लिहून ठेवावीत. डॉक्टरांना अशा टिपणाचा मोठा उपयोग होतो.

नंतर मोजावे. मूल शांत असताना एक पूर्ण मिनिट त्याच्या छातीची वरखाली होणारी हालचाल मोजावी. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटास ४० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या मुलाचा ३० किंवा अधिक असल्यास तो जलद समजावा. शाळकरी मुलाची नाडी विश्रांतीच्या वेळी साधारणतः मिनिटास ७० ते ११० असते. तापात ती वाढते. तापमापकाने तापही पाहावा.

धोक्याचे लक्षण नसेल आणि दुखणे छातीच्या भिंतीचे दिसत असेल, तर दोन-तीन दिवस धावपळ व जड दप्तर बंद ठेवावे. मुलाला अंथरुणाला खिळवून ठेवण्याचे मात्र कारण नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकावे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकण्याची घरगुती पद्धतही चालेल. मात्र ती आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी, कारण मुलाची त्वचा चटकन भाजते. वेदना अधिक असल्यास पॅरासिटॅमॉल द्यावे. त्याची एका वेळची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चाराहून अधिक मात्रा देऊ नयेत. अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावाचून मुलांना कदापि देऊ नये. विषाणुजन्य तापात त्यापासून मेंदू व यकृत यांना क्वचित पण भयंकर अपाय होतो.

खोलीत धुरी करू नये. छाती मोकळी व्हावी म्हणून निखाऱ्यावर ओवा किंवा धूप टाकण्याची चाल अनेक घरांत आहे; दम्याच्या मुलाला तो धूर विषासमान होय. उत्तरेकडील थंडीत बंद खोलीत कोळशाची अंगिठी पेटवून निजणे तर जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि झोपलेली माणसे जागी होत नाहीत. हवा फार वाईट असेल त्या दिवशी मुलाचे मैदानी खेळ थांबवावेत. दम्यासाठी डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिले असेल, तर ते लपविण्याचे किंवा टाळण्याचे काही कारण नाही. ‘त्याची सवय लागते’ ही समजूत निराधार आहे. स्पेसर नावाच्या नळकांड्यातून घेतलेले हे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, आणि म्हणून अगदी थोडे पुरते.

विलंब नको, अशी लक्षणे

घरची शुश्रूषा कोठे थांबवावी, हे जाणणे शुश्रूषेचाच भाग आहे. पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे : धावताना किंवा खेळताना छाती दुखणे, अथवा मूल बेशुद्ध पडणे, ओठ निळसर होणे, श्वास जलद होऊन बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, विश्रांतीतही नाडी मोजता येऊ नये इतकी वेगाने धावणे, छातीवर जोराचा आघात झालेला असणे, तापाबरोबर छातीत तीव्र कळ येणे, विशेषतः ती निजल्यावर वाढून पुढे वाकून बसल्यावर कमी होणे. मुलाला पूर्वी हृदयविकार झालेला असेल किंवा जवळच्या नात्यात कोणी तरुणपणीच अचानक दगावले असेल, तरीही वाट पाहू नये. लहान मुलाने नाणे अथवा घड्याळातील बटणासारखी बॅटरी गिळल्याचा संशय असेल, तर एक घटकाही दवडू नये. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत ती भाजून काढू शकते. ११२ हा देशभरचा आपत्कालीन क्रमांक आहे; महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर दूरध्वनी करावा.

घशातून हृदयाकडे

आता त्या दुसऱ्या, मूक संकटाकडे वळू. मालागोलाणू या जंतूंच्या एका गटामुळे मुलांचा घसा सुजतो. अशा घशाच्या दुखण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांत संधिज्वर उद्भवतो; डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने सिद्ध केलेली प्रतिपिंडे शत्रू आणि स्वकीय यांतील भेद विसरतात आणि सांधे, मेंदू व हृदय यांवर उलटतात. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा मात्र जाड होऊन आखडतात, आणि दर नव्या हल्ल्याबरोबर हा बिघाड वाढत जातो. हा रोग प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षे वयात होतो आणि दाटीवाटीच्या वस्तीत अधिक आढळतो.

दिल्लीत या रोगाकडे वैद्यकाचे लक्ष वेधणाऱ्यांत डॉ. एस. पद्मावती यांचे नाव अग्रभागी आहे. १९१७ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या पद्मावती जपानी आक्रमणामुळे १९४२ साली भारतात आल्या. इंग्लंड व अमेरिका येथे हृदयरोगाचे उच्च शिक्षण घेऊन त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या आणि १९५४ साली तेथे त्यांनी हृदयरोग विभाग सुरू केला. त्या काळी हृदयरोग म्हणजे पिकल्या वयाचा आजार, असा सर्वसाधारण समज होता. रुग्णशय्येवर दिसणारे दृश्य निराळे होते. झडपा निकामी झाल्याने धाप लागलेली मुले आणि पहिल्या बाळंतपणाचा भार हृदयाला न पेलणाऱ्या तरुण स्त्रिया तेथे येत असत. १९६२ साली त्यांनी अखिल भारतीय हृदय प्रतिष्ठान स्थापन केले. २९ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात, बल्लभगढ हे गाव आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तेथे १९६५ सालापासून चालू आहे. याच परिसरातील शाळांत संस्थेच्या डॉक्टरांनी ६,२७० मुलांच्या हृदयाची दोन रीतींनी तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. नळीने हृदयाचे आवाज ऐकून केलेल्या नेहमीच्या तपासणीत झडपांचा हा विकार दर हजार मुलांत ०.८ एवढाच आढळला. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतले असता, ज्यास सामान्यतः इको म्हणतात, हाच आकडा दर हजारी २०.४ निघाला. म्हणजे कानाला एक मूल सापडले, तेथे चित्राला सुमारे पंचवीस सापडली. या सर्वांचाच बिघाड पुढे वाढतो असे नव्हे. पण ही मुले शाळेत जात होती, आपल्याला काही झाले आहे याची त्यांना जाणीवही नव्हती. दुखणे हे रोगाचे विश्वासू दूत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रतिबंध घरातूनच

सुदैवाने हा रोग टाळता येतो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील एका सैनिकी तळावर झालेल्या प्रयोगांनी १९५० साली दाखवून दिले, की मालागोलाणूंनी धरलेल्या घशावर वेळीच पेनिसिलिन दिल्यास संधिज्वर बहुतेक टळतो. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हा लाभ मिळतो. प्रश्न एवढाच, की असा घसा ओळखावा कसा? नाक वाहणे, शिंका, खोकला व आवाज बसणे ही बहुधा विषाणूंची लक्षणे होत. त्यांस पेनिसिलिन लागत नाही. याउलट एकाएकी घसा दुखून ताप चढणे, गिळताना कळ येणे, गिलायू लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसणे, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखणे, आणि खोकला मात्र नसणे, ही चिन्हे दिसली तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. पोटात घ्यावयाचे पेनिसिलिन दिले असल्यास ते दहा दिवस पुरे करावे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या थांबविणे, ही घरोघर होणारी चूक आहे.

ज्या मुलाला संधिज्वर एकदा होऊन गेला, त्याला तो पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून त्यास दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागते. हृदयाला इजा झाली नसेल, तरी हा क्रम निदान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे उशिरा असेल तोपर्यंत चालवावा लागतो. झडपा बिघडल्या असतील तर त्याहूनही पुढे, प्रसंगी जन्मभर. इंजेक्शन दुखते, मूल रडते, शाळा बुडते, आणि मूल तर ठणठणीत दिसत असते. अशा वेळी आईबापांच्या मनात ‘आता पुरे’ हा विचार येणे स्वाभाविक आहे. परंतु चुकविलेल्या एका मात्रेनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत नवा हल्ला होऊ शकतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढची तारीख लाल शाईने खुणावून ठेवणे, हे या रोगातील शुश्रूषेचे सर्वांत मोठे काम आहे. पेनिसिलिनचे कोणास वावडे असू शकते, यासाठी हे इंजेक्शन तशी सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

शाळेतील शिक्षकांचा वाटाही लहान नाही. वर्गात घसा दुखून ताप आलेले मूल, लंगडत येणारे मूल, अक्षर एकाएकी बिघडलेले मूल किंवा खेळाच्या तासाला इतरांच्या मागे पडून धापा टाकणारे मूल शिक्षकाच्या नजरेस पालकांच्याही आधी पडते. त्याने पालकांना दिलेली एक चिठ्ठी मुलाच्या हृदयाच्या झडपा वाचवू शकते.

छातीत कळ आलेल्या मुलाला घराकडून धीर, निरीक्षण आणि थोडा शेक एवढेच बहुधा हवे असते. घसा धरलेल्या मुलाला मात्र वेळेवर तपासणी आणि पुरते औषध हवे असते. पहिल्याच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रींपैकी काही दक्षता दुसऱ्याच्या वाट्याला आली, तर पुढील पिढीतील अनेक हृदये शस्त्रवैद्याच्या टेबलावर जाण्याची वेळच येणार नाही.